पाण्याच्या वयाची कुळकथा

गोंदिया जिल्ह्यात पाऊस मामा (माजी मालगुजारी) तलावांत साठतो, धानाच्या बांध्यांत तुंबतो आणि त्यातला काही मुरमातून झिरपत कठीण खडकाच्या भेगांत उतरतो. हे खालचे पाणी किती भरते आणि किती वेगाने सरकते, हे नुसती विहिरीची पातळी मोजून ठरत नाही.

वाळूतून पाणी किती वाहते याचा नियम आंरी दार्सी यांनी १८५६ साली फ्रान्समध्ये मांडला. भूजल प्रवाहाची आजची संगणकीय प्रारूपे त्याच नियमावर उभी आहेत. मात्र त्यांत एक पेच आहे. भरपूर पाणी मुरून मोकळ्या खडकातून भराभर गेले, किंवा थोडे मुरून घट्ट खडकातून सावकाश गेले, तरी पातळी सारखीच येऊ शकते.

पाणी मुरल्याला किती काळ लोटला, म्हणजे त्याचे वय किती, हे कळले तर हा पेच सुटतो; त्यासाठी अणुविज्ञान धावून आले. विलर्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाअखेर कार्बन-१४ वरून वय काढण्याची रीत घडवली. हायडेलबर्गचे शास्त्रज्ञ म्युनिख यांनी १९५७ मध्ये ती भूजलाला लावली. हजारो वर्षांच्या पाण्यासाठी कार्बन, तर काही दशकांच्या पाण्यासाठी ट्रिटियम हा किरणोत्सर्गी हायड्रोजन उपयोगी पडतो; त्याचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे. अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास पावसातले ट्रिटियम शिगेला पोहोचले आणि त्या काळात मुरलेल्या पाण्यावर जणू तारखेचा शिक्का बसला.

भारतात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत आर. एन. आठवले आणि सहकाऱ्यांनी ट्रिटियम वेगळ्या तऱ्हेने वापरले. पावसाळ्यापूर्वी ते मुळांच्या खाली मातीत सोडायचे आणि पावसाळ्यानंतर किती खोल सरकले ते पाहायचे. त्यावरून वर्षाला किती पाणी मुरते, याचा अंदाज मिळाला.

पुढे प्रारूपे तपासताना वयही हिशेबात आले. संगणकात पाण्याला मुरल्या जागेपासून विहिरीपर्यंत यायला लागलेला काळ आणि नमुन्यातून निघालेले वय जुळले नाही, तर मुरण्याचे प्रमाण, खडकाची पोकळी किंवा पाझरक्षमता यांचे आकडे बदलावे लागतात. सावधगिरीही हवी: बोअरवेलमध्ये अनेक भेगांचे पाणी एकत्र येते, म्हणून मिळणारे वय मिश्रणाचे असते.

गोंदियासारख्या कठीण खडकाच्या जिल्ह्यात हे माप फार मोलाचे आहे. बोअरवेलचे पाणी अलीकडच्याच पावसाळ्यांचे असेल, तर तलाव दुरुस्तीचा लाभ लवकर दिसू शकतो. जुने असेल, तर उपसा जपूनच करायला हवा. म्हणून निरीक्षण विहिरींची पातळी नोंदवताना त्यांपैकी निवडक विहिरींच्या पाण्याचे वयही काढले जावे.