इमारत उभी, रुग्णालय बंद

आपत्तीत रुग्णालयं कितपत सुरक्षित, हा विषय घेतला की बहुतेक जण आधी कोसळलेल्या इमारती मोजायला लागतात. मोजायला सोप्या असतात ना! मला मात्र ज्या उदाहरणाने खरं अडकवलं, तिथे दुसऱ्या वेळी इमारत पडलीच नाही.

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सिल्मारमध्ये ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय आहे. 9 फेब्रुवारी 1971 च्या पहाटे सॅन फर्नांडोचा भूकंप झाला, तेव्हा त्याची मुख्य इमारत नवीकोरी होती. तिचा खालचा भाग इतका कलला की पुढे ती पाडावीच लागली. चार जिन्यांच्या मनोऱ्यांपैकी तीन सुटून बाजूला आडवे झाले. रुग्णवाहिकांच्या शेडचं छप्पर रुग्णवाहिकांवरच कोसळलं. म्हणजे रुग्ण हलवायची सोयही गेली. मृत तिघांपैकी दोघे श्वसनयंत्रावर होते. ते ढिगाऱ्याखाली सापडले नव्हते, वीज गेली म्हणून गेले. ही नोंद लक्षात ठेवा.

कॅलिफोर्नियात 1973 पासून रुग्णालयांसाठी वेगळा भूकंपसुरक्षा कायदा लागू झाला. भूकंपानंतरही रुग्णालय चालू राहावं, हा त्याचा हेतू. ऑलिव्ह व्ह्यू पुन्हा बांधलं गेलं, पोलादी प्लेटच्या भिंती घालून. 17 जानेवारी 1994 ला नॉर्थरिजच्या भूकंपात त्याच्या छतावर गुरुत्वत्वरणाच्या दुपटीहून जास्त त्वरण नोंदलं गेलं. सांगाडा जवळपास जसाच्या तसा राहिला. तरी रुग्णांना बाहेर हलवावं लागलं! आग विझवण्याच्या स्प्रिंकलरचे आणि थंड पाण्याचे पाइप फुटून आत पाणीच पाणी झालं होतं.

कायद्याचा हेतू बरोबर होता, पण तपासणीचा भर खांब-भिंतींवर राहिला असं माझं मत. 1971 च्या त्या दोन मृत्यूंनी हे आधीच सांगितलं होतं. 1994 मध्येच तिथे नवा कायदा झाला आणि त्यातून रुग्णालयांना दोन वेगळ्या श्रेणी मिळू लागल्या: एक सांगाड्याची, दुसरी आतल्या पाइप, यंत्रं, छताच्या पॅनेलची. संशोधकासाठी हा दुसरा रकाना फार मोलाचा.

आपल्याकडे 2001 च्या भूकंपात भूजचं सरकारी रुग्णालय कोसळलं, आणि नवं बांधताना इमारतीखाली हादरे शोषणारे बेअरिंग बसवले. त्यावर कुणी काम करणार असेल, तर बेअरिंगपाशी थांबू नका. जनरेटर कुठे ठेवलाय, ऑक्सिजनच्या नळ्या कशाने बांधल्यात, पाण्याची टाकी भरलेली असते का, हे आधी विचारा.