शिष्यवृत्तीची मोट : बडोद्यापासून दीक्षाभूमीपर्यंत



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघाली की तिच्यात कविता येतात, बाबासाहेबांच्या आठवणी येतात, देणगीदारांची यादी येते. मला या वेळी पैशाबद्दल लिहावेसे वाटले. आपली पोरं कॉलेजात शिकली, तो पैसा कुठून आला? कोणी दिला, काय म्हणून दिला आणि आज तो वेळेवर का हाती पडत नाही? यालाही इतिहास आहे. हा इतिहास ठाऊक नसल्यामुळे आजच्या पोरांना वाटते की शिष्यवृत्ती म्हणजे सरकारने खिडकीतून टाकलेला तुकडा. लोकही तसेच टोमणे मारतात आणि आपली पोरं मान खाली घालतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एक साधा हिशेब मांडू. कॉलेजचा खर्च म्हणजे एकटी फी नव्हे. फी ही पहिली गोष्ट. राहणे आणि जेवण ही दुसरी. वह्या, पुस्तके, परीक्षा, बसभाडे ही तिसरी. चौथी गोष्ट कोणत्याच अर्जात लिहिलेली नसते, ती म्हणजे मजुरी. पोरगा कॉलेजात गेला की त्याने घरी आणलेली मजुरी बंद होते. गिरणीतल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. या चारही गोष्टींची मोट बांधली तरच पोरगं पदवीपर्यंत पोचतं. एक दोर तुटला की मोट विहिरीत. आपल्या मोठ्या माणसांना हे नेमके समजले होते, आणि तेच मला इथे सांगायचे आहे.

सुरुवात महात्मा फुल्यांपासून करावी लागेल. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले. त्यात त्यांनी शिष्यवृत्तीचा विषय काढला. स्पर्धा घेऊन शिष्यवृत्त्या वाटणे वरवर न्यायाचे दिसते, पण त्याने बाकीच्या वर्गांत शिक्षण पसरत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि ज्या वर्गांत शिक्षण पोचलेच नाही त्यांना काही शिष्यवृत्त्या द्या अशी मागणी केली. "गुणवत्ता की गरज?" हा वाद आज टीव्हीवर रंगतो. जोतीरावांनी तो जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी मांडून ठेवला आहे.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी दुसरी गोष्ट ओळखली. खेड्यातला मुलगा शहरात शिकायला आला तर निजणार कुठे आणि जेवणार कुठे? म्हणून १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढली, त्यात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृहही होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, घरोघरच्या मूठमूठ धान्यातून वसतिगृह चालवले आणि 'कमवा आणि शिका' ही रीत घातली. आपल्या नागपुरात किसन फागुजी बनसोडे आणि जाईबाई चौधरी यांनी मुलींसाठी शाळा चालवल्या. जाईबाई तर ओझी वाहून पोट भरणाऱ्या बाई! स्वतःच्या डोक्यावरचा भार उतरवून त्यांनी लेकींच्या हातात पाटी दिली.

आता बाबासाहेबांकडे येऊ. केळुसकर गुरुजींच्या खटपटीने बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महाराज यांनी त्यांना एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना महिना २५ रुपये शिष्यवृत्ती दिली. पुढे १९१३ साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांकरिता, अशी शिष्यवृत्ती मिळाली. त्यासाठी ४ जून १९१३ रोजी करार झाला. ठरवून दिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करायची. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील, सुभेदार रामजी, वारले होते. घरची सगळी जबाबदारी डोक्यावर असताना हा तरुण आगबोटीत बसला.

हा करार आपण नीट समजून घ्यावा. ही भीक नव्हती, देवाणघेवाण होती. संस्थानाने पैसा लावला, बदल्यात नोकरी मागितली. पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून बाबासाहेबांना परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर हजर झाले, तर शहरात राहायला जागा कोणी देईना! पारशी खानावळीतूनही हाकलले गेले. कोलंबियाचा विद्वान आपले सामान घेऊन रस्त्यावर उभा! डोक्यावर छप्पर नसेल तर पदवीचे भेंडोळे काय कामाचे? चार गोष्टींपैकी दुसरी का महत्त्वाची, ते या एका प्रसंगात दिसते.

मग बाबासाहेबांनी काय केले? १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली आणि पगारातून पैसा बाजूला टाकला. शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राने ५,००० रुपये कर्जाऊ दिले. बचत, देणगी आणि कर्ज या तिन्हींची मोट बांधून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. इकडे माता रमाईने काटकसरीने संसार ओढला. तिचा वाटा कोणत्याच पावतीवर नाही, पण तो सगळ्यात मोठा होता.

गंमत अशी की बाबासाहेब ज्या अमेरिकेत शिकले तिथली कॉलेजे आज नेमकी अशीच मोट बांधतात, पण ती विद्यार्थ्याला बांधावी लागत नाही. कॉलेजातच त्यासाठी वेगळे ऑफिस असते. ते आधी फी, खोली, जेवण, पुस्तके, प्रवास असा वर्षाचा पूर्ण खर्च मांडते. त्यातून घरचे किती देऊ शकतील तेवढे वजा करते. उरते ती गरज. ती भरायला थोडे अनुदान, जे परत करायचे नसते, थोडे कॉलेजातलेच तासांवरचे काम, आणि थोडे कर्ज, असे एका कागदावर लिहून विद्यार्थ्याला देतात. १९६५ साली त्या देशाने उच्च शिक्षणाचा कायदा करून या मदतीमागे सरकारी पैसा उभा केला. तिथेही सगळे छान आहे असे नाही, लाखो पोरं कर्जात बुडालेली आहेत. पण प्रवेश पक्का करण्याआधी आकडा हातात पडतो, ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

परत आपल्या नागपुरात येऊ. जुलै १९४२ मध्ये इथल्या मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. तीनच महिन्यांत, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात शिक्षणासाठी पैसा मागितला होता. त्यातून १९४४-४५ सालापासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. आरंभी वर्षाला ३ लाख रुपये! आज आपण जिला 'भारत सरकारची शिष्यवृत्ती' म्हणतो ती हीच. बडोद्याचा पैसा महाराजांच्या मर्जीचा होता, हा पैसा सरकारच्या तिजोरीतला, म्हणजे आपल्याही करातला. मर्जीचा हक्क झाला तो इथे.

चौथ्या गोष्टीचाही, मजुरीचाही, बाबासाहेबांनी विचार केला. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले आणि सकाळचे वर्ग ठेवले. का? तर पोराला दिवसा नोकरी करता यावी म्हणून. घड्याळ बदलून दिले, हीसुद्धा शिष्यवृत्तीच!

मग आला १४ ऑक्टोबर १९५६. दीक्षाभूमीवर आपल्या बापजाद्यांनी धम्म स्वीकारला आणि त्याबरोबर सवलतींवर पाणी सोडले. कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीत राहायला हिंदू असणे आवश्यक होते, १९५६ साली त्यात शिखांची भर पडली, बौद्धांची नाही. गरिबी तीच, वस्ती तीच, पण कागदावरची जात गेली. हे ठाऊक असूनही माणसे मागे हटली नाहीत. "सवलतीसाठी जगणारे" असे आपल्याला म्हणणाऱ्यांनी हे पान एकदा वाचावे.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्याच्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राचे दार बंदच होते. १९६४ साली रिपब्लिकन पक्षाने दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वात देशभर सत्याग्रह केला, हजारो लोक तुरुंगात गेले. त्या मागण्यांत भूमिहीनांना जमीन होती, तशीच बौद्धांना सवलतीही होत्या. त्याच साली दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकर कॉलेज उभे राहिले. अखेर १९९० साली, व्ही. पी. सिंग पंतप्रधान असताना, कायदा दुरुस्त होऊन बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला. १९५६ ते १९९०, मोजून चौतीस वर्षे!

आता आजचे पाहू. मोटेचे दोर कागदावर सगळे आहेत. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीत फी आणि निर्वाह भत्ता मिळतो, घरचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत पाहिजे. अडीच लाखांच्या वर असेल तर भत्ता नाही, पण राज्याची फ्रीशिप आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरी, इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमाला वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० आणि घरून जाणाऱ्याला ७,००० रुपये भत्ता आहे. तेरा हजारांत वर्षभर कोण जेवतो, ते आपणच ठरवा. म्हणून २०१६-१७ पासून राज्याची स्वाधार योजना आली. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या बाहेरगावच्या मुलाला नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये ठरले आहेत.

अडचण आहे ती वेळेची. दोर वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या तारखांना. प्रवेश जून-जुलैत, पैसा पुढच्या वर्षी. मधल्या काळात काही कॉलेजे निकाल अडवतात, टी.सी. अडवतात. वस्तीतल्या अशा किती मुलींनी बी.एस्सी. सोडून शिवणक्लास धरला, आयाबहिणींना ठाऊक आहे. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या मुलाची धनबाद आय.आय.टी.ची जागा गेली, कारण १७,५०० रुपये जमवता जमवता वेळ संपली. सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. पण प्रत्येक पोरगं दिल्लीपर्यंत जाऊ शकतं काय?

म्हणून विहारासमोर तीन गोष्टी ठेवतो.

पहिली. मे-जूनमध्ये दर रविवारी वंदना झाल्यावर एक टेबल मांडावे. शिकलेल्या पोरांनी तिथे बसून प्रत्येक विद्यार्थ्याचा चार गोष्टींचा हिशेब एका कागदावर लिहावा. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेले बँक खाते, हे सगळे प्रवेशाच्या आधी तयार पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती बुडते, हे आधीच सांगावे.

दुसरी. केंद्राचा ६० टक्के वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात फीचा पैसाही असतो. खात्यात रक्कम दिसली म्हणून मोबाईल घेऊ नये, बारसे उरकू नये. तो पैसा कॉलेजचा आहे, आधी तिथे भरावा.

तिसरी आणि महत्त्वाची. विहाराने बिनव्याजी हातउसन्या पैशाचा फंड काढावा. शिष्यवृत्ती येईपर्यंत पोराची फी भरायची, आली की फंडात परत करायची, तोच पैसा पुढच्या पोराला. नवल भथेनांनी एका मित्राला ५,००० रुपये दिले आणि देशाला संविधानाचा शिल्पकार मिळाला. आपल्या वस्तीत शंभर घरे आहेत. घरटी महिना ५० रुपये काढले तर महिन्याला ५,००० रुपयेच होतात.

पहिली पावती माझ्या नावाची फाडावी.

जयभीम! नमो बुद्धाय!