भंगारात जपलेला इतिहास

इतिहास नेहमी दप्तरखान्यातच सापडतो असे नाही. ज्यांच्या नावाने बखरी लिहिल्या जात नाहीत, त्यांचा इतिहास पुष्कळदा जुन्या बाजारात पडून असतो. 'हाऊस' या नृत्यसंगीताची कहाणी अशीच आहे.

अमेरिकेतील शिकागो शहरात १२ जुलै १९७९ रोजी कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोट करून उडवून देण्यात आला. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना रद्द झाला. तेथे काम करणारा व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा हे पाहत होता. लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्कोच नव्हे, तर कृष्णवर्णीयांचे इतरही संगीत होते, असे त्याने पुढे सांगितले. राग केवळ एका तालावर नव्हता, हे यावरून कळते.

पण संगीत असे जळत नाही. त्याच शहरात १९७७ साली सुरू झालेल्या 'वेअरहाऊस' या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स जुन्या तबकड्या जोडून, ताल लांबवून वाजवत होता. तेथे येणारे बहुतेक कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी तरुण होते. इतरत्र ज्यांना दार बंद होते, त्यांचे हे घर होते. याच क्लबच्या नावावरून 'हाऊस' हा शब्द आला असे मानतात. १९८४ साली जेसी सॉन्डर्सची 'ऑन अँड ऑन' ही तबकडी निघाली. ती पहिल्या हाऊस तबकड्यांपैकी एक समजली जाते. तिच्या रचनेत सॉन्डर्सचा सहकारी होता तोच व्हिन्स लॉरेन्स!

या संगीताची साधनेही टाकाऊच होती. जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ मध्ये बास गिटारची जागा घेण्यासाठी टीबी-३०३ हे यंत्र काढले. ते चालले नाही, काही वर्षांत बंद पडले आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले. शिकागोच्या 'फ्यूचर' या त्रिकुटाने तेच घेऊन त्याची बटणे मनसोक्त फिरवली. त्या पिळदार आवाजातून १९८७ मध्ये 'अॅसिड ट्रॅक्स' निघाले. ते काढणाऱ्या ट्रॅक्स कंपनीच्या तबकड्यांत पुनर्वापराचे प्लास्टिक असे, म्हणून त्या खरखरत. आपला मोबदला मिळाला नाही, अशी तक्रार तिच्या अनेक कलाकारांनी पुढे केली. तरीही त्या तबकड्या शौकिनांनी जुन्या दुकानांतून वेचल्या, म्हणूनच हा काळ आज ऐकता येतो.

या कहाणीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली एचएमव्हीसाठी डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी केली. भैरव, ललित, यमन, मालकंस असे राग आणि वाद्ये रोलँडचीच, त्यांत ३०३ सुद्धा! तेव्हा तिची कोणी कदर केली नाही. एडो बौमन या डच संग्राहकाला ती २००२ मध्ये दिल्लीत सापडली. त्याने सिंग यांना मुंबईत शोधून काढले आणि २०१० साली तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली. सत्तरीच्या घरात पोचलेल्या या कलावंताला युरोपात दाद मिळाली. जुलै २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

काहींनी लगेच जाहीर केले, अॅसिड हाऊसचा शोध भारतात लागला! असे म्हणायला पुरावा नाही. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकली होती असे कुठेही दिसत नाही. एकच यंत्र दोन शहरांत दोन निराळ्या हातांत गेले, एवढेच खरे, आणि तेही थोडे नाही. सिंग यांना मान देण्यासाठी शिकागोच्या तरुणांचा हक्क हिरावण्याची गरज नाही. ज्यांचे श्रेय एकदा लुबाडले गेले, त्यांचे पुन्हा लुबाडायचे का?

शिकागोने २०२३ मध्ये वेअरहाऊसच्या इमारतीला वारसा वास्तूचा दर्जा दिला. सरकारी शिक्का असा उशिरा येतो. तोवर इतिहास सांभाळतात ते जुनी तबकडी फेकून न देता पुसून ठेवणारे दुकानदार आणि ती उचलणारे गिऱ्हाईक. आपल्या घरांतल्या माळ्यांवरही कव्वालीच्या, गझलांच्या, नाटकांच्या तबकड्या आणि कॅसेटी पडून असतील. रद्दीवाल्याला देण्यापूर्वी त्यांवरची नावे तरी वाचावीत, आणि ती कोणाची होती हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून घ्यावे.