हॉइस्ट विथ वन्स ओन पेटार्ड

दुसऱ्याच्या घातासाठी रचलेल्या डावात स्वतःचाच घात होणे, या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार. पेटार्ड म्हणजे दारू ठासलेले, साधारण घंटेच्या आकाराचे धातूचे भांडे. वेढा घालणारे सैनिक ते वेशीच्या दरवाजाला पक्के बसवून वात पेटवीत आणि मागे पळत. १५८० मध्ये फ्रान्समधील काओर शहराचे दरवाजे असेच फोडले गेले. वात भरभर जळाली, तर पेटवणाराच हवेत उडे. ‘हॉइस्ट’चा येथील अर्थ हाच : उडवला गेलेला.

हा प्रयोग रूढ झाला तो शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मुळे (अंक ३, प्रवेश ४). हॅम्लेटच्या वधाचा हुकूम असलेले पत्र घेऊन निघालेले रोझेनक्रांट्झ आणि गिल्डनस्टर्न पुढे त्याने बदललेल्या पत्रामुळे स्वतःच मारले जातात. हा वाक्प्रचार ज्यात येतो, ते हॅम्लेटचे भाषण १६०४-०५ च्या क्वार्टो प्रतीत आहे. १६२३ च्या फोलिओत ते नाही.

मराठीत ‘दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात स्वतःच पडणे’ हा याचा नेमका पर्याय होय. ‘आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणे’ येथे चालत नाही, कारण त्यात मूर्खपणा असतो, दुसऱ्याविरुद्धचे कारस्थान नसते.