अब्रू, मानहानी आणि अवदूरु

गेल्या वर्षी एका फेसबुक पोस्टमध्ये असे लिहिले गेले की, मी केलेला एका तमिळ कथेचा मराठी अनुवाद दुसऱ्याच्या हस्तलिखितावरून उचललेला आहे. दोन दिवसांत त्या पोस्टचा स्क्रीनशॉट आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागला. आमचे घर तंजावरी मराठी. कुंभकोणममधली अशी घरे एकमेकांना ओळखून असतात. इथे कोणाचे काही झाकून राहत नाही. मामा म्हणाले, "पोलिसांत जा. चांगला आत बसू दे त्याला."

मी आधी वकिलांकडे गेले. त्यांनी तमिळमध्ये विचारले, "अवदूरु खटला हवा की मान नष्ट?" अवदूरु म्हणजे फौजदारी, मान नष्ट म्हणजे भरपाईचा दिवाणी दावा. तमिळ वर्तमानपत्रांनी हे दोन शब्द चांगले वेगळे ठेवले आहेत. मराठीत आपण 'अब्रुनुकसानी' आणि 'मानहानी' दोन्हींसाठी वापरतो. त्यातली अब्रू फारसीतून आली; मूळ अर्थ चेहऱ्याचे पाणी. ते पाणी उतरवणे हा केवळ तोटा आहे की गुन्हाही, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा भाषेबाहेर भेटला.

कायद्याच्या मते तो गुन्हा आहे, आणि जुना आहे. १ जानेवारी १८६२ पासून लागू झालेल्या भारतीय दंड संहितेत तो ४९९ आणि ५०० या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमात आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही; आता समाजसेवेचीही सोय आहे. व्याख्येत बोललेले, लिहिलेले शब्द, खुणा, चित्रे सगळे येते, त्यामुळे फोनच्या पडद्यासाठी वेगळी व्याख्या लागली नाही. आणि केवळ खरे आहे म्हणून सुटका नाही. ते सांगणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते.

पण मामांना वाटत होते तसे पोलीस यात थेट हात घालू शकत नाहीत. गुन्हा अदखलपात्र आहे. ज्याची अब्रू गेली त्यानेच दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार घेऊन जायचे, शपथेवर सांगायचे. नव्या प्रक्रियेत दखल घेण्यापूर्वी समोरच्यालाही म्हणणे मांडायची संधी मिळते. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून द्यायचा तर सोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवे. मग तारखा.

मराठी वाचकाला या कलमाची ओळख कोल्हापूर प्रकरणातून आहे. १८८२ साली टिळक आणि आगरकरांवर कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांनी फिर्याद केली. तरुण छत्रपतींचा छळ होत असल्याचा आरोप 'केसरी' आणि 'मराठा'ने केला होता. ज्या पत्रांच्या आधारे केला ती बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी बर्व्यांनी खटला सोडला नाही. शिक्षा चार महिन्यांची झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघे ऑक्टोबरमध्ये सुटले. डिसेंबर १८८३ मध्ये ते छत्रपती अहमदनगरला वारले.

ही कथा आपण संपादकांच्या बाजूने वाचत आलो. कुंभकोणममध्ये बसून मला ती दुसऱ्या टोकाकडूनही दिसते. सर टी. माधवराव याच गावात १८२८ साली जन्मले, मराठीभाषक घरात. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे ते दिवाण झाले. बडोद्याची दिवाणगिरी त्यांनी सोडली तेही १८८२ सालीच. अल्पवयीन राजाचा कारभार सांभाळणाऱ्याचे नाव हीच त्याची पुंजी असते, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पत्रे खोटी होती. बर्व्यांची तक्रार पोकळ नव्हती. तरीही संस्थानाचा कारभारी आणि विशी-पंचविशीतले दोन संपादक यांच्या हातात ते कलम सारख्याच वजनाचे नव्हते.

पुढचा इतिहास याच वजनाचा आहे. अब्रुनुकसानीत पोलिसांना सरळ अटक करता येत नाही, म्हणून समाजमाध्यमांच्या काळात शेजारची कलमे कामाला आली. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी लिहिले म्हणून पालघरला एका मुलीला, आणि ती पोस्ट लाइक केली म्हणून दुसरीला अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ होते. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केले. पण २०१७ मध्ये तिरुनेलवेलीतल्या आत्मदहनावर फेसबुकवर टाकलेल्या व्यंगचित्रासाठी चित्रकार बाला यांना अटक झाली, तेव्हा बदनामीच्या कलमाला त्याच कायद्याच्या अश्लीलतेच्या ६७व्या कलमाची जोड होती.

दरम्यान १३ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी अब्रुनुकसानी घटनात्मक ठरवली. प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे म्हटले. त्या निकालात जयललितांविषयीच्या विधानांवरून खटले झालेले सुब्रमण्यम स्वामी होते आणि भिवंडीचा खटला असलेले राहुल गांधीही. मुख्यमंत्र्यांची बदनामी झाली तर सरकारी वकील सत्र न्यायालयात तक्रार करू शकतो. ही सवलत मला नाही. २१ मे २०२० रोजी मद्रास उच्च न्यायालयाने पत्रकारांवरच्या अशा तक्रारी रद्द केल्या आणि सरकारी वकिलाने स्वतःची बुद्धी वापरली पाहिजे, असे बजावले.

हे सगळे वाचल्यावर माझी तक्रार मला लहान वाटली असे नाही. ज्या माणसाकडे सरकारी वकील नाही त्याला अब्रू कमी असते का? माझी उपजीविका माझ्या नावावर चालते. त्या पोस्टनंतर ठरलेले एक काम गेले. फौजदारी कलम नको म्हणणाऱ्यांबरोबर मी अनेक वर्षे होते. स्वतःवर आल्यावर पहिला विचार मामांसारखाच आला, हे नोंदवले पाहिजे.

मी माझ्या अनुवादाचे तारखांसह तिन्ही खर्डे प्रसिद्ध केले आणि दुरुस्ती मागितली. पोस्ट निघाली, माफी आली नाही. छापील वर्तमानपत्राला पुढचा अंक असतो, तिथे माफी तरी छापता येते. पुढे पाठवलेला स्क्रीनशॉट ज्याच्या फोनवर गेला त्याच्याकडे तो तसाच राहतो.

तक्रारीला तीन वर्षांची मुदत असते. वकिलांनी केलेला मसुदा माझ्या कपाटात आहे. तमिळमधल्या त्या मसुद्याचा मी सवयीने मराठी अनुवादही करून ठेवला आहे. फक्त 'अवदूरु'साठी नेमका शब्द अजून सापडलेला नाही.