आकाशाला बांधलेला धागा

न्यूयॉर्क शहरी जाण्याचा योग आम्हांस कधी आला नाही, आणि सेवानिवृत्ती जवळ येऊन ठेपलेल्या माणसास तो यापुढे येईल असेही वाटत नाही. तथापि त्या शहराच्या मॅनहटन नामक बेटावरील वाटा आमच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. सेंट्रल पार्कच्या खालच्या टोकाशी उभे राहून दक्षिणेकडे तोंड केले असता हडसन नदी उजव्या हातास येते व ईस्ट नदी डाव्या. मध्ये एम्पायर स्टेट इमारतीचा कळस दिसत राहिला म्हणजे चुकण्याचे भय नाही. उलट ज्या शहरी गेली चार वर्षे आमची नेमणूक आहे, तेथील मुख्य टपाल कचेरीकडे जाताना आम्ही अजून पानवाल्यास वाट विचारतो. मॅनहटनचे हे ज्ञान आम्हांस कोणत्याही प्रवासवर्णनाने दिलेले नाही. ते 'स्पायडरमॅन २' या व्हिडिओ गेमने दिले.

हा खेळ अमेरिकेत २८ जून २००४ रोजी विक्रीस आला. त्याच नावाचा सॅम रेमी यांचा चित्रपट दोन दिवसांनी, ३० जून रोजी पडद्यावर झळकला. या दोन दिवसांच्या अंतरात या खेळप्रकाराचा बराच इतिहास सामावला आहे. चित्रपटावरून निघालेल्या खेळास चित्रपटाच्या तारखेस हजर राहावेच लागते. १९८२ साली 'ई. टी.' चित्रपटावरील खेळ नाताळच्या बाजारात आणावयाचा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांस अवघे पाच आठवडे मिळाले. न खपलेल्या त्या मालाचा काही भाग न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे पुरण्यात आला, व २०१४ साली तो उकरूनही काढण्यात आला. तेव्हापासून चित्रपटावरील खेळ म्हणजे लग्नघाईत शिवलेला अंगरखा, ही समजूत दृढ झाली. आणि ती बहुधा खोटीही नव्हती. म्हणूनच 'स्पायडरमॅन २' कसा साधला, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

महानायक, त्याचा चित्रपट आणि मनसोक्त हिंडावयास मोकळे शहर, हा त्रिवेणी संगम २००४ साली प्रथम झाला असे पुष्कळांस वाटते. आमच्या मते त्याचे मूळ पंचवीस वर्षे मागे जाते. अटारी ही कंपनी १९७६ पासून वॉर्नर समूहाच्या ताब्यात होती आणि डिसेंबर १९७८ मध्ये आलेला 'सुपरमॅन' हा चित्रपटही त्याच घराण्याचा. घरच्या चित्रपटावर घरचाच खेळ हवा, असे धन्यांच्या मनात आले. त्या सुमारास वॉरन रॉबिनेट नावाचा तरुण आज्ञालेखक 'ॲडव्हेंचर' नामक साहसखेळ रचीत होता. एका पडद्याच्या कडेतून बाहेर पडावे व दुसऱ्या पडद्यात प्रवेश करावा, आणि असे अनेक पडदे जोडून एक विस्तीर्ण प्रदेश उभा राहावा, ही त्याची युक्ती. हेच काम मोडून त्याचा 'सुपरमॅन' करावा, असा आग्रह झाला. रॉबिनेटचे मन त्यास होईना. तेव्हा जॉन डन या सहकाऱ्याने ती आज्ञावली घेऊन 'सुपरमॅन' पुरा केला, आणि रॉबिनेटचा खेळ वाचला.

१९७९ सालच्या त्या 'सुपरमॅन'ची सामग्री पाहिली तर हसू येते. सारा खेळ चार किलोबाइटांत बसविलेला. यंत्राची चालती स्मृती १२८ बाइटांची, म्हणजे एका पोस्टकार्डावरील चार-पाच ओळींएवढी. एवढ्या चिमटीत महानगर मावले! नायक दूरध्वनीच्या खोक्यात शिरून वेष पालटतो. खलनायक लेक्स लूथर पूल उडवून देतो. पुलाचे तीन तुकडे शोधून तो पुन्हा जोडावयाचा, लूथर व त्याचे साथीदार यांस तुरुंगात टाकावयाचे, आणि शेवटी साधे कपडे चढवून वृत्तपत्राच्या कचेरीत हजर व्हावयाचे. गुण नाहीत, किती वेळ लागला एवढेच मोजावयाचे. आणि मुख्य म्हणजे नायक मरत नाही. क्रिप्टोनाइटचा स्पर्श झाला की त्याची शक्ती जाते, ती लोइस लेनच्या भेटीने परत येते. कोणत्या दिशेने जावे, प्रथम काय उचलावे, हे खेळणाराने ठरवावे. त्या काळचे बहुतेक खेळ 'मारा नाही तर मरा' या एकाच सूत्रावर चालत असता, ही मोकळीक सामान्य नव्हे.

येथे थोडे विषयांतर केल्यावाचून आम्हांस राहवत नाही. अटारी आपल्या खेळांवर रचनाकाराचे नाव घालीत नसे. रॉबिनेटने 'ॲडव्हेंचर'मध्ये एक गुप्त दालन केले व त्यात आपले नाव लिहून ठेवले; वरिष्ठांस पत्ता नव्हता. खेळ १९८० साली बाजारात गेल्यावर एका मुलाने ते दालन हुडकले आणि कंपनीस पत्राने कळविले. आपले संतकवी अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा घालीत, ती उघडपणे. या बिचाऱ्यास ती भिंतीआड दडवावी लागली. ज्यांस एवढ्यावर समाधान मानवेना असे अटारीतील चार कुशल रचनाकार, डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर व बॉब व्हाइटहेड, तेथून बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी 'ॲक्टिव्हिजन' ही संस्था स्थापिली. रचनाकाराचे नाव वेष्टनावर छापण्याचा प्रघात तिने पाडला. पंचवीस वर्षांनी 'स्पायडरमॅन २' प्रसिद्ध करणारी कंपनी हीच. ज्यांनी सरकारी टिप्पण्या लिहून खाली दुसऱ्याची स्वाक्षरी झालेली पाहिली आहे, त्या आमच्या वाचकांस या हकिगतीचे मर्म वेगळे सांगावयास नको.

आता मूळ विषयाकडे वळू. स्टॅन ली व स्टीव्ह डिटको यांनी १९६२ साली निर्मिलेला स्पायडरमॅन हा सुपरमॅनहून खेळास कठीण. सुपरमॅन उडतो, उडणाऱ्यास शहर असले काय, नसले काय! स्पायडरमॅन उडत नाही, लोंबकळतो. लोंबकळण्यास वर काही तरी घट्ट असावे लागते. २००२ साली पहिल्या चित्रपटावर ट्रेयार्क या संस्थेने जो खेळ केला, त्यात नायक हात वर करी, धागा सुटे आणि आकाशात कोठे तरी जाऊन चिकटे. कशास चिकटला, हे विचारावयाचे नाही. खाली रस्ता असा नव्हताच. फार खाली गेले की मृत्यू. म्हणजे गच्च्या होत्या, पण शहर नव्हते.

त्याच संस्थेतील जेमी फ्रिस्ट्रॉम यांस हा आकाशाला बांधलेला धागा खटकत होता. त्यांच्या खटपटीतून दुसऱ्या खेळातील झोका जन्मास आला. आता धागा खऱ्याखुऱ्या इमारतीच्या कडेस लागतो. तो लागला की नायक लंबकाप्रमाणे फिरतो. झोक्याच्या खालच्या बिंदूशी वेग सर्वांत अधिक, आणि वर चढताना नेमक्या क्षणी धागा सोडला तर तो वेग वाया न जाता पुढच्या झेपेत उतरतो. लवकर सोडला तर माणूस आडवा फेकला जातो. उशिरा सोडला तर मागे येतो. लहानपणी वडाच्या पारंब्यांना लोंबकळलेल्या मुलास हे शास्त्र कोणी शिकविलेले नसते, तरी ते त्याच्या हातांत असते. पहिल्या दिवशी आम्ही भिंतींवर आपटत होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी बोटे आपोआप दबू लागली, आणि एका रस्त्याच्या कोपऱ्यावर धागा टाकून दुसऱ्या रस्त्यात वळणे साधले, तो आनंद आम्ही विसरलेलो नाही.

या एका बदलाने सारे शहर अर्थपूर्ण झाले. उंच इमारतींच्या दक्षिण टोकाशी झोके लांब व वेगवान. सेंट्रल पार्कवर आले की आधार खुंटतो आणि नायकास पायउतार व्हावे लागते. वस्तीची उंची हाताला कळते. नकाशा पाहून शहर शिकणे आणि अंगाने शिकणे यांतील भेद, दर तीन वर्षांनी बिछाना बांधणाऱ्या माणसास अनुभवाने ठाऊक असतो. येथे तो यंत्रापुढे बसून प्रत्ययास येतो, हे आम्हांस विशेष वाटते.

नगरसंचाराची मोकळीक देणारा 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' हा खेळ ऑक्टोबर २००१ मध्ये येऊन गेला होता, व त्याचा प्रभाव येथे स्पष्ट आहे. फरक एवढाच की तेथील नायक गाड्या चोरतो आणि येथील नायक चोरलेल्या गाड्या थांबवितो. कथा पुढे सरकण्यासाठी प्रत्येक प्रकरणात ठराविक पुण्याई साठवावी लागते: बुडत्या नावेतून लोकांस काढणे, उंचावर लोंबकळणाऱ्या मजुरास खाली आणणे, एखाद्या पोराचा सुटलेला फुगा पकडून देणे. तीच तीच कामे पुन्हा पुन्हा येतात व कंटाळा आणतात. हा दोष झाकण्यात अर्थ नाही. ओढून आणलेली लढतीची दृश्येही सामान्यच. तथापि घड्याळ लावून पिझ्झा पोहोचविण्याचे काम मात्र झकास. त्या वेळी वाजणारी चाल 'फुनिकुली फुनिकुला' या गाण्याची आहे. व्हेसुव्हियस पर्वतावर दोराने ओढली जाणारी रेल्वे सुरू झाली, त्या निमित्ताने १८८० साली नेपल्सच्या बोलीत ते रचले गेले. दोरावर चढणाऱ्या गाडीचे गाणे धाग्यावर लोंबणाऱ्या नायकास द्यावे, हा योग ज्याने जुळविला त्याने तो जाणून जुळविला की कसे, कोण जाणे.

ते शहर खरे असल्याने त्याच्या जखमाही खेळात आल्या. ११ सप्टेंबर २००१ पूर्वी पहिल्या चित्रपटाची जी जाहिरात दाखविली जात होती, तीत जुळ्या मनोऱ्यांच्या मध्ये विणलेल्या जाळ्यात हेलिकॉप्टर अडकते. ती मागे घेण्यात आली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका स्पायडरमॅन-खेळाची अखेरची लढत वर्ल्ड ट्रेड सेंटरवर होती. तीही प्रसिद्धीपूर्वी बदलण्यात आली. २००४ च्या खेळातील मॅनहटनमध्ये ते मनोरे नाहीत. बेटाच्या दक्षिण टोकाशी झोका घेताना त्या रिकामपणाकडे लक्ष गेले म्हणजे हात क्षणभर थांबतो.

संगणकावर याच नावाने जो खेळ विकला गेला, तो निराळ्या संस्थेने केलेला, आखूड व बालिश. भारतात तेव्हा घरोघरी असलाच तर संगणक असे. तेव्हा किती मुलांनी वेष्टन पाहून तो घेतला असेल व 'हाच का तो?' म्हणून कपाळास हात लावला असेल, ते त्यांचे त्यांस माहीत. याच २००४ साली मुंबईत वावरणारा पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडरमॅन चित्रकथेत अवतरला. गिरगावच्या चाळींवरून झोका घेण्याचा खेळ मात्र आम्हांस अद्याप खेळावयास मिळालेला नाही.

पुढे २००६ साली 'सुपरमॅन रिटर्न्स'वरील खेळाने एक सुरेख कल्पना योजिली: नायक अभेद्य, म्हणून प्रकृती मोजावयाची ती शहराची. पण तो खेळ चित्रपटानंतर काही महिन्यांनी आला, आणि उडणाऱ्यास शहर कशासाठी, हा जुना पेच त्यास सुटला नाही. चित्रपटांवरील असे मोठे खेळ त्यानंतरच्या दशकात विरळ झाले. २०१८ साली इन्सोम्नियॅक संस्थेने केलेला स्पायडरमॅन कोणत्याही चित्रपटावर आधारलेला नाही. त्याचा धागा मात्र इमारतीसच लागतो.

जुना खेळ आज दुकानात मिळत नाही. पात्रे एकाची, खेळ दुसऱ्याचा. परवाना संपला की सारे कुलुपात. २०१४ च्या आरंभी ॲक्टिव्हिजनचे मार्व्हेल-पात्रांवरील अनेक खेळ आंतरजालावरील दुकानांतून उतरविले गेले. २००४ चा खेळ राहिला आहे तो जुन्या चकत्यांवर. आमच्याकडील चकतीस पाच बदल्यांत ओरखडे पडले आहेत. एका ठराविक प्रसंगाशी यंत्र थबकते आणि कथा पुढे जात नाही. म्हणून आम्ही अलीकडे कथेच्या वाटेस जात नाही. रविवारी सकाळी तासभर पिझ्झा पोहोचवितो.