हजारी पाच पुस्तके

काही वर्षांपूर्वी तपासणीच्या निमित्ताने पूर्वेकडील एका राज्यात, केंद्राच्या अनुदानावर चालणाऱ्या एका निवासी शाळेत जाण्याचा योग आला. ग्रंथालयाची खोली स्वच्छ होती. कपाटांना काचा होत्या आणि प्रत्येक कपाटाला कुलूप. "अकरा वर्षांत एकही पुस्तक गहाळ नाही," मुख्याध्यापकांनी अभिमानाने सांगितले. मी देवघेवीची नोंदवही मागितली. त्या वर्षात एकूण १९ पुस्तके कपाटाबाहेर पडली होती, आणि त्यांतली १४ शिक्षकांनीच नेलेली होती.

विद्यार्थ्याने शाळेची वस्तू हरवली वा मोडली तर भरपाई कोणी करावी, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. आपल्या प्रशासनाने मात्र त्याचे उत्तर दीर्घकाळ फार कठोरपणे दिले आहे. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर नोंदवहीतील मुलाच्या सहीला फारसे वजन नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही, आणि १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी खटल्यात असा करार मुळातच निरर्थक ठरवला. त्यामुळे शाळेच्या हाती उरले ते पालकांची सही, अनामत रक्कम आणि दाखला अडवून धरण्याची धमकी. दुसऱ्या बाजूला वित्तीय नियम सांगत आले की, निष्काळजीपणामुळे सरकारचे नुकसान झाले तर अधिकारी व्यक्तिशः जबाबदार राहील. मुलाकडून वसुली अवघड आणि स्वतःच्या पगारातून कपात शक्य, अशा पेचात सापडलेला शिक्षक कुलूप लावणार नाही तर काय करणार?

याचा सर्वांत मोठा अनुभव देशाने घेतला तो 'ऑपरेशन ब्लॅकबोर्ड'मध्ये, म्हणजेच आपल्याकडच्या 'खडू-फळा' योजनेत. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ साली ती सुरू झाली. तेव्हा मनुष्यबळ विकास मंत्री होते पी. व्ही. नरसिंह राव. (हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेणारे तेच हे गृहस्थ, मराठी वाचकाने त्यांच्याविषयी थोडा जिव्हाळा बाळगावा.) प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य द्यायचे, असा संकल्प होता. नकाशे, खेळणी, विज्ञानपेटी, पुस्तके असे साहित्य गावोगाव पोहोचले, आणि कितीतरी ठिकाणी पेटीतच राहिले. पेटी उघडली तर वस्तू फुटेल, आणि फुटली तर डेडस्टॉक रजिस्टरमधली नोंद जुळणार नाही, ही धास्ती. पैसा खर्च झाला होता, वस्तू शाबूत होत्या, लेखापरीक्षकाला आक्षेप घ्यायला जागा नव्हती. मुलांना मात्र काही मिळाले नव्हते.

विशेष म्हणजे ग्रंथालयांपुरता हा पेच सरकारच्या ध्यानात आधीच आला होता. गणिताची प्राध्यापकी सोडून १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ च्या आपल्या ग्रंथात 'पुस्तके वापरासाठी आहेत' हा पहिला नियम मांडला आणि त्याचे विवेचन करताना युरोपातल्या साखळदंडाने जखडलेल्या जुन्या पुस्तकांचा दाखला दिला. त्यानंतर अर्धशतकाने, फेब्रुवारी १९८४ मध्ये, अर्थ मंत्रालयाने एका ज्ञापनाद्वारे मान्य केले की वर्षभरात देवघेव झालेल्या वा चाळलेल्या हजार ग्रंथांमागे तीन गहाळ होणे वाजवी समजावे. अट एवढीच की त्यामागे अप्रामाणिकपणा वा निष्काळजीपणा नसावा. २००५ च्या सामान्य वित्तीय नियमांत हे प्रमाण हजारी पाच झाले आणि २०१७ च्या नियमांत तेच कायम राहिले. हजार रुपयांहून अधिक किमतीचे किंवा दुर्मीळ पुस्तक हरवले तर मात्र चौकशी अटळ. हे नियम केंद्राचे; राज्यांच्या वित्तीय संहिता वेगळ्या.

या नियमातला एक शब्द मला अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून फार मोलाचा वाटतो. सूट कपाटातल्या पुस्तकांवर नाही, वापरलेल्या पुस्तकांवर मोजायची आहे. एक पुस्तक हरवण्याची मुभा हवी असेल तर २०० वेळा पुस्तके वाचकांच्या हाती गेली पाहिजेत. जो देईल त्यालाच गमावण्याचा अधिकार. १९ पुस्तके देणाऱ्या शाळेला पुस्तकाचा दहावा हिस्साही हरवण्याची सवलत नाही. नियम लिहिणाऱ्याने हा हिशेब जाणूनबुजून केला होता की सहज झाला, कोण जाणे. पण खालच्या पातळीवर तो फारसा कोणी वाचत नाही. 'निष्काळजीपणा' हा शब्द मात्र सर्वांना पाठ असतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बाजू आणखी पालटली. सहा ते चौदा वयाच्या मुलाचे प्राथमिक शिक्षण अडेल असे कोणतेही शुल्क वा खर्च त्याच्यावर लादता येत नाही, आणि ते शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढताही येत नाही. म्हणजे फुटलेल्या काचेसाठी मुलाला घरी बसवण्याचा जुना उपाय संपला. तो संपला हे बरेच झाले. मी स्वतः सहावीत असताना शाळेचा नकाशासंग्रह हरवला होता. वडिलांनी दुप्पट किंमत भरली. दामदुपटीचा आपला जुना दंडक सावकाराच्या व्याजाला लगाम घालण्यासाठी होता. आमच्या शाळेने त्याचा दंड करून टाकला. वडील एका शब्दानेही रागावले नाहीत. त्यानंतर दोन वर्षे मी त्या ग्रंथालयाची पायरी चढलो नाही, आणि कोणाच्या ते लक्षातही आले नाही.

त्या निवासी शाळेच्या तपासणी अहवालात मी 'गहाळ : शून्य' या नोंदीसमोर प्रतिकूल शेरा लिहिला. मुख्याध्यापक चकित झाले. मी नियमांचे पुस्तक उघडून त्यांना तो परिच्छेद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, "हे मला लेखी द्याल का?" मी लेखी दिले. मग त्यांनी खिशातून चाव्यांचा जुडगा काढला आणि त्यातली ग्रंथालयाची चावी कोणती, ते बराच वेळ शोधत राहिले.